काही न झाल्याचे डॉक्टर

गजभिये सर आमच्या शेजारी राहायला आले, त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या घराच्या पुढच्या दाराची कडी काढून टाकली. स्क्रू एका वाटीत ठेवले, कडी खिडकीत ठेवली आणि दार नुसतं लोटून कॉलेजात शिकवायला निघून गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा घरात एक शेळी उभी होती, आणि बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांपैकी बऱ्याचशा तिच्या पोटात गेल्या होत्या.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. सर धावत आमच्या दारात आले. तोवर आमची धड ओळखही झालेली नव्हती.

"वहिनी, समजलं! कडी चोरासाठी नसते जी. कडी बकरीसाठी असते!"

"आनि पेपर?" मी विचारलं.

"पेपर गेले," ते आनंदानं म्हणाले. "पन कडी कशासाठी आहे ते तर कळलं ना!"

ज्यांचे पेपर शेळीनं खाल्ले, त्या सगळ्यांना सरांनी पास करून टाकलं. पुढच्या वर्षी परीक्षेनंतर कॉलेजची पोरं म्हणे आमच्या गल्लीत शेळ्या चारायला आणत होती.

हे बालाघाटात घडलं, त्याला आता पंधराएक वर्षं होत आली. तेव्हापासून मी सरांना रोज पाहते. बारीक अंगाचा माणूस, शर्टाची बाही कायम दुमडलेली, चालताना मान एका बाजूला कललेली. लग्न केलं नाही. कटंगीला एक मोठी बहीण आहे, ती वर्षातून दोनदा येऊन त्यांचं घर झाडून जाते. आणि डोक्यात एकच किडा: कुठलीही वस्तू कशासाठी आहे, हे तिच्याकडं पाहून कळत नाही. ती काढून घ्यायची आणि कुठं अडतं ते बघायचं.

"काढून पाहा ना जी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांचा स्वयंपाकही याच तत्त्वावर चालायचा. एक दिवस वरणात मीठ नाही, एक दिवस हिंग नाही, एक दिवस हळद नाही. वाटी घेऊन ते आमच्याकडं यायचे आणि आमच्या ह्यांना चव घ्यायला लावायचे. आमचे हे राइस मिलमध्ये हिशेब बघतात. साधा माणूस. समोर आलेलं मुकाट्यानं खातो. त्यांनी चव घेतली की सर त्यांच्या तोंडाकडं टक लावून पाहत बसायचे.

"मीठ काढलं की लगेच कळते," सर म्हणायचे. "हळद काढली त काहीच होत नाई. मले हळदीवर संशय आहे."

"पिवळं नाई दिसत ना," हे म्हणायचे.

"दिसनं हे काम झालं का?"

यावर आमचे हे पाणी प्यायचे.

एका मे महिन्यात सरांनी डावी भुवई साफ उतरवली. भुवया कशासाठी असतात, हा प्रश्न त्यांना पडला होता. उजवी तशीच ठेवली होती, तुलनेसाठी. बालाघाटचा मे म्हणजे सकाळी नऊलाच कपाळावरून घाम निथळतो. तसा अर्ध्या चेहऱ्यानं हा माणूस महिनाभर कॉलेजात गेला, बाजारात गेला, आमच्या नात्यातल्या एका लग्नातही जेवून आला. डावा डोळा लाल झाला की हर्षभरित व्हायचे. "उतरते, वहिनी! घाम बरोब्बर डोळ्यात उतरते!" त्या लग्नाच्या फोटोंत सर जिथं जिथं आहेत, तिथं लोक नवरीकडं बघतच नाहीत.

कॉलेजात त्यांनी स्टाफरूमच्या घड्याळाचा सेकंदकाटा काढला. कुणाच्याही लक्षात आलं नाही. मग एका नोटिशीवरची प्राचार्यांची सही काढून टाकली, म्हणजे बिनसहीची नोटीस टाइप करून फळ्यावर लावली. सगळ्यांनी ती पाळली. हे मात्र त्यांनी प्राचार्यांना स्वतः जाऊन सांगितलं, आणि पुढं काय झालं ते आम्हाला सांगितलं नाही.

काढलेल्या गोष्टीचा काहीच परिणाम दिसला नाही की सर निराश व्हायचे नाहीत. मान कलती करून म्हणायचे, "आता नाई दिसनार. पुढच्या टप्प्यात पाहा." आमच्या स्कूटरच्या स्टँडचा एक नट त्यांनी ह्यांना विचारून काढला होता. स्कूटर पावसाळाभर उत्तम चालली. दिवाळीनंतर एक दिवस वैनगंगेच्या पुलावर स्टँड गळून पडला. हे स्टँड हातात घेऊन घरी आले, तर सर म्हणाले, "म्हनलं नव्हतं?"

मला सुरुवातीला वाटायचं, माणूस जरा हललेला आहे. पण हललेल्या माणसाच्या बोलण्यात एवढी शिस्त नसते. शेवटी एका रविवारी ह्यांनीच विचारलं, "सर, हे खूळ तुम्हाले लागलं कुठून?"

सर पोहे खात होते. चमचा बाजूला ठेवून म्हणाले, "दिल्लीतून."

तिथं त्यांनी सहा वर्षं एका प्रयोगशाळेत काढली होती. काम मलेरियावर. माणसाचा मलेरिया नव्हे, उंदरांचा. हे त्यांनी आधीच सांगून टाकलं, कारण त्यांच्या भाड्याच्या घराची मालकीण एकदा हे ऐकून घाबरली होती आणि त्यांच्या खोल्यांत तिनं धूर करून ठेवला होता.

मग त्यांनी आम्हाला त्या जंतूचं आयुष्य सांगितलं. मी आजवर इतकी चमत्कारिक गोष्ट ऐकलेली नाही. डास चावला की हा जंतू अंगात शिरतो, पण रक्तात थांबत नाही. सरळ यकृतात जाऊन एका पेशीत लपतो. तिथं गुपचूप वाढतो. ताप नाही, थंडी नाही, ज्याच्या अंगात आहे त्याला पत्ताही नसतो. एकाचे हजारो झाले की पेशी फोडून रक्तात उतरतो, आणि मग थंडी वाजून ताप येतो. रक्तात राहता राहता त्यांतले काही नर होतात, काही मादी. पण त्यांचा संसार माणसाच्या किंवा उंदराच्या अंगात होत नाही. डास ते रक्त पितो, तेव्हा डासाच्या पोटात होतो. मग पोटाच्या भिंतीवर फोड येतात, फोडांतून दोऱ्यासारखी पिल्लं निघतात, आणि ती डासाच्या लाळेत येऊन बसतात. पुढच्या चाव्याची वाट पाहत.

"म्हनजे लग्नाले गाव बदलावं लागते," हे म्हणाले.

"आनि गाव बदललं की रूप बदलते," सर म्हणाले. "यकृतात एक, रक्तात दुसरं, डासात तिसरं. प्रानी तोच. आता मले सांगा, त्याच्यापाशी हजारो जीन आहेत. कोनता कुठं लागते, कसं समजनार?"

"काढून पाहा," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांची सख्खी विद्यार्थिनी असावी.

त्यांनी एक जीन तोडला होता. तोडायलाच दोन वर्षं लागली. त्या काळी हजारो जंतूंतून एखाद्यातच तो तुटायचा आणि तो एखादा हुडकून काढावा लागायचा. ("जीन तोडला, मग शिवून नाई भेटला का?" हे म्हणाले. त्यांना तोवर पँट वाटत होती.) मग तो बिनजीनचा जंतू उंदराच्या रक्तात सोडला आणि सर रोज सूक्ष्मदर्शकात पाहत बसले.

"मग?"

"काही झालं नाई."

जंतू धडधाकट वाढला. जीन असलेला जसा वाढतो, तसाच. सरांना तो पुढं डासांत पाठवून बघायचा होता. पण उन्हाळ्यात डासांच्या खोलीचा एसी बंद पडला आणि पिंजऱ्यांतले सगळे डास मेले. नवे तयार होईतो त्यांची फेलोशिप संपली, इकडं वडील आजारी पडले. मार्गदर्शकांनी सांगितलं, हा जीन बिनकामाचा दिसतो, तसं लिहून टाक. सरांनी लिहिलं. त्यावर डॉक्टरेट मिळाली. काही झालं नाही, या विषयावर डॉक्टर झालेला जिल्ह्यात हा एकच माणूस असेल.

"रक्तात काही झालं नाई," ते बोट वर करून म्हणाले. "फक्त रक्तात. पुढं कोनी पाहिलं?" आणि गार झालेले पोहे खायला लागले.

आमची सुजाता तेव्हा सहावीत होती. ती पुस्तक उघडून कोपऱ्यात बसली होती आणि वाचत अजिबात नव्हती. त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघराला दुसरा शत्रू निर्माण झाला. चकलीच्या पिठातून ओवा गायब व्हायचा. चहातून आलं जायचं. एकदा तिनं तिच्या बाबांच्या शर्टाचं खालचं बटण कापून ठेवलं आणि पंधरा दिवस पाहत होती, ह्यांना कधी कळतं. त्यांना कळलं नाही. हे तिनं सरांना जाऊन सांगितलं, आणि दोघं आमच्या ओट्यावर बसून पोट धरून हसले.

पुढं ती त्यांच्याच कॉलेजात शिकली, एम.एस्सी. झाली, आणि हैदराबादला एका प्रयोगशाळेत पीएच.डी.ला लागली. मलेरियावरच. गोंदियाच्या गाडीत तिला बसवायला आम्ही तिघं गेलो होतो. सर तिला म्हणाले, "डासांच्या खोलीचा एसी पहिले तपास."

वर्षभरानं तिचा फोन आला. तिनं कामासाठी एक जीन निवडला होता. सरांचाच.

आता तो तोडायला वर्षं लागत नाहीत, तिनं सांगितलं. नवी कात्री निघाली आहे, नेमका हवा तिथं कापते. तिच्या मॅडमनी एवढीच अट घातली होती, की वर्षात काही दिसलं नाही तर हा विषय सोडायचा.

मला वाटलं, सर आता नाचतील. मी ही बातमी त्यांना कुंपणावरून सांगितली. ते झाडांना पाणी घालत होते. बादली खाली ठेवून म्हणाले, "काहून घेतलं तिनं ते?"

"तुमचं आहे म्हनून घेतलं असंल."

"मेलेलं प्रकरन आहे ते, वहिनी." आणि आत गेले.

आठ-दहा दिवस ते आमच्याकडं फिरकलेच नाहीत. मग एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले आणि मी काही न विचारता म्हणाले, "काही निघालं, त मी चुकलो. मी लिहिलं ते अर्धवट होतं. आनि काही नाई निघालं, त मी बरोबर." मग उठता उठता म्हणाले, "ते जास्त वाईट आहे."

तेव्हापासून दर रविवारी सुजाताच्या फोनच्या वेळेला सर आमच्या घरी. फोन स्पीकरवर, मध्ये स्टुलावर. मी विचारायची, जेवलीस का, कपडे वाळतात का. सर विचारायचे, डासांना साखरेचं पाणी कितीदा देता, खोलीत ओल किती. सुजाता दोघांनाही सारख्याच शांतपणानं उत्तरं द्यायची. तिची मराठी हैदराबादेत अजूनच हिंदीत बुडाली होती.

पहिल्यांदा तिनं रक्तातलं पाहिलं. "सर, सेम. आपके टाइम जैसा ही. काही फरक नाई."

"हौ, ते तर माहीत होतं," सर म्हणाले. पण त्यांचा चेहरा उजळला होता. पंचवीस वर्षांनी कुणीतरी त्यांचं काम पुन्हा करून पाहिलं होतं आणि ते बरोबर निघालं होतं.

मग डास. सरांना पाहायला मिळालं नव्हतं, तेच हे. त्या रविवारी सर आले तेव्हा त्यांचे केस ओले होते, आंघोळ करून आले होते. सुजाता म्हणाली, डासांच्या पोटावर फोड आलेत. नेहमीइतकेच.



त्यानंतर फोडांतली पिल्लं. ठीक. त्यानंतर लाळ. सुजातानं डासाची लालापिंडं, म्हणजे लाळेच्या गाठी, सुईनं वेगळी काढून पाहिली होती. मोहरीहून बारीक असतात म्हणे. जंतूंनी गच्च भरलेली होती.

"सर, यहाँ भी कुछ नहीं हुआ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला. सर गेल्यावर ती पुन्हा फोनवर माझ्याशी बोलली. बाकीची पोरं पुढं निघून गेली आई, मी तिथंच आहे. आणि रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं दुकान उघडायला जायच्या आधी सरांच्या दारात जाऊन उभी राहिले. ते ताटात चिन्नोर तांदूळ निवडत होते.

"सर, तुमचं ते काढून पाहा तुमच्या घरी ठेवा," मी म्हणाले. "मी आजवर हसले. पन माझी पोरगी तिकडे एकटी रडून राह्यली. तिचं वर्ष चाललं त्यात."

सरांनी ताट खाली ठेवलं. मला वाटलं, आता ते म्हणणार, पुढच्या टप्प्यात पाहा. म्हणाले असते तर मी ते ताट उचलून फेकलं असतं. पण ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, वहिनी," आणि तांदळातला एक खडा बोटांत धरून तसेच बसले.

रविवारी ते आले. फोन लागल्याबरोबर, मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बेटा, सोडून दे ते."

तिला बोलायला सवड न देता ते पुढं म्हणाले,

"रक्तात नाई, डासात नाई. मी लिहिलं होतं तेच खरं आहे. दुसरं काम घे."

"काहून सोडू, सर?" सुजाता म्हणाली. "लिव्हर तो बाकी है ना."

"त्यात काय राह्यलं आता?"

"तुम्हीच तर सांगतलं होतं, तिथं तो लपते, कोनाले दिसत नाई. जो दिखता नहीं, वहीं तो देखना पड़ेगा. मॅडमले मी विचारलं, हौ म्हनल्या."

सर अगदी हळू म्हणाले, "तुझी आई रागावून राह्यली."

"आई, तू सरांवर ओरडली?"

मी चहा उतू चाललाय असं म्हणून आत गेले. चहा मांडलेलाच नव्हता. आतून मला ऐकू येत होतं, दोघं बोलत होते. आधी सर अडून अडून, मग भरभर. यकृताच्या पेशी काचेच्या बशीत कशा वाढवायच्या, उंदराला डास किती चावू द्यायचे, चावले की नाही हे कसं ओळखायचं. मी बाहेर आले तेव्हा सर फोनवर इतके वाकले होते, की फोन दिसतच नव्हता. हे खुर्चीत तसेच बसून होते. त्यांनी मला हातानं खूण केली, आत्ता काही बोलू नको.

मग दीड-दोन महिने ती नुसतं "चालू आहे" म्हणत राहिली. सरही विचारेनासे झाले. रविवारी यायचे, तिचा आवाज ऐकायचे आणि उठून जायचे.

एका गुरुवारी दुपारी दुकानात मला तिचा फोन आला. माझं कोर्टासमोर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. गर्दी होती, पण तिच्या आवाजावरून कळलं, म्हणून मी मशीन बंद करून मागं गेले. "सरांना सांगितलं, आता तुला सांगते," ती म्हणाली आणि एका दमात सांगायला लागली. मला समजेना, तर तिनं पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगितलं. जीन शाबूत असलेल्या जंतूचे डास ज्या उंदरांना चावले, ते थोड्याच दिवसांत आजारी पडले. तिच्या बिनजीनच्या जंतूचे डास ज्यांना चावले, त्यांच्या रक्तात काहीच आलं नाही. तिला वाटलं, डास चावलेच नसतील. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग पेशींत पाहिलं. जंतू यकृताच्या पेशीत शिरला होता, नीट वाढला होता, फुगून पेशीभर झाला होता. पण त्याचे हजारो होण्याची वेळ आली, तिथं अडला. फुटलाच नाही. रक्तापर्यंत पोचलाच नाही. आणि जो रक्तात पोचत नाही, तो ताप आणत नाही. ताप न आणणाऱ्या अशा जंतूंपासून लस करता येईल का, हे लोक शोधत असतात, असंही ती म्हणाली. पण ते फार लांबचं आहे आई, आधी हे.

"सर काय म्हनले?" मी विचारलं.

"कुछ नहीं. बोले, फिर से बता. मी पुन्हा सांगितलं. मग फोन कट."

संध्याकाळी मी घरी आले तर सरांच्या दाराला कुलूप. मी जरा घाबरलेच. दुसऱ्या दिवशी सकाळीही कुलूप. दुपारी मी दुकानात कामात होते. समोर चार-पाच लोक, बाकावर बैहरकडचा एक म्हातारा शेतीच्या कागदांची नक्कल काढायला बसलेला. तेवढ्यात दारात सर. इस्त्रीचा शर्ट, बाही न दुमडलेली.

"वहिनी, एक झेरॉक्स," ते म्हणाले आणि विजेचं बिल पुढं केलं.

मी काढून दिली. ते उभेच.

"अजून एक काढा."

मी अजून एक काढली. दोन्ही हातात धरून ते म्हणाले, "मी कटंगीले गेलतो. ताईकडे."

"कशा आहेत ताई?"

"बरी आहे. तिले सांगतलं. ती म्हनाली, बरं झालं बावा, आता मच्छर मरतीन." हसायचा प्रयत्न केला. "सकाळी स्टाफरूममध्ये सांगतलं. त्याइनं विचारलं, यानं प्रमोशन भेटते का? आमच्या दिल्लीच्या सरांचा नंबर लावला. त्यांच्या मुलानं उचलला. सर जाऊन तीन वर्षं झाली म्हने." मग मशीनकडं पाहत, जसं काही सहज, "सुजाताचा फोन आलता का तुम्हाले?"

तेव्हा मला समजलं, हा माणूस कालपासून गावोगाव काय घेऊन फिरतो आहे.

"आलता," मी म्हणाले. "पन घाईत होती. मले काही समजलं नाई. काय झालं सर?"

ते माझ्याकडं पाहत राहिले. मी खोटं बोलते आहे, हे त्यांना कळलं की नाही, मला आजही माहीत नाही. मी पुढच्या गिऱ्हाइकांना शेजारच्या दुकानात जायला सांगितलं, चहावाल्याला हाक मारली आणि स्टूल पुढं केलं. सर बसले.

"पहिले ते दिल्लीचं सांगावं लागंल," ते म्हणाले.

"सांगा ना."

त्यांनी सांगितलं. ती खोली, ते उंदीर, तो पहिला दिवस, जेव्हा जीन तुटलेला जंतू त्यांना सापडला होता. पहाटेपर्यंत तिथंच बसून होते आणि खोलीवर गेल्यावर शेजारच्याला उठवून सांगितलं, तर तो पांघरूण ओढून झोपला. मेलेले डास त्यांनी स्वतःच्या हातानं झाडून काढले होते, हे मला माहीत नव्हतं. मार्गदर्शक वाईट नव्हते, हे ते दोनदा म्हणाले. मग सुजाताचं काम, टप्प्याटप्प्यानं, आणि मी प्रत्येक ठिकाणी विचारलं, "आनि मग?" मला सगळं ठाऊक होतं. तरी ते यकृतापाशी आले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

"आत गेला," ते म्हणाले. त्यांनी मूठ हळूहळू मोठी करून दाखवली. "वाढला. एवढा झाला. आनि तिथंच राह्यला."

"निकला ही नहीं?"

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. बाकावरचा म्हातारा पुढं सरकून बसला होता. त्याची कागदपत्रं मांडीवरून खाली घसरली होती.

"नहीं निकला, बाबा," सर म्हणाले.

"तो बुखार?"

"बुखार आया ही नहीं."

म्हाताऱ्यानं ते जणू तोंडात घोळवून पाहिलं. "हमारे तरफ तो सबको आता है," तो म्हणाला. "मेरे को तो कितनी बार आया, गिनती नहीं." बाहेर बैहरच्या बसचा कंडक्टर ओरडत होता. मी म्हाताऱ्याला म्हटलं, बाबा, तुमची बस. त्यानं माझ्याकडं लक्षच दिलं नाही. त्यानं खालची कागदपत्रं गोळा केली, बाकावर ठेवली आणि त्यांवर हात ठेवून सरांना म्हणाला,

"शुरू से बताओ ना, साहब. मैं तो बीच में आया."

सरांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. चहावाला दोन कप घेऊन आला होता. मी तिसरा सांगितला. सरांनी स्टूल उचललं, बाकासमोर नेऊन ठेवलं आणि बसले.

"हौ," ते म्हणाले. "शुरू से."